ब्रेकच्या दांड्यावरचा हात

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे पानेभाऊ म्हणत, कारण जेवायला बसतानाही त्याच्या खिशात एखादा पाना असायचा. "आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतोय तो," बायको सांगायची.

त्याच्या धाकट्या भावाचा पाय लिफ्टच्या खड्ड्यात चिरडला गेला होता. मेन स्विच चालू आहे हे माहीत असूनही सुपरवायझरने त्याला खाली उतरवलं, आणि वर चौकशीत ठोकून दिलं, "तो प्यायलेला होता." धाकट्याने दारूला कधी हातही लावला नव्हता. पाय गेला, नोकरी गेली, अब्रू गेली.

तेव्हापासून घरात बायबल वाचायला घेतलं की खडाजंगी ठरलेली.

"शत्रूवर प्रीती करा," बायको वाचायची.

"आणि स्तोत्रांमध्ये काय आहे, वहिनी?" धाकटा कुबडी आपटायचा. "देवा, दुष्टांचे दात पाड! ते लिहिणाराही देवाचाच माणूस होता ना?"

"शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, हेही लिहिलंय, भाऊजी."

"तसं केल्याने त्याच्या डोक्यावर निखारे रचले जातात, ते का गाळता?"

मग दोघं पानेभाऊकडे बघायचे. तो म्हणायचा, "भाजी आहे का अजून?"

एका दुपारी एका ऑफिसच्या इमारतीतून फोन आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. पानेभाऊ पोहोचला तेव्हा वॉचमन दाराशी घामाघूम उभा होता.

"आत एकच साहेब आहेत. दम्याचे आहेत म्हणतात. पंप गाडीत राहिलाय."

आतून आवाज आला, "लवकर करा... श्वास लागतोय..."

पानेभाऊने आवाज ओळखला. चौकशीत त्याच्यासमोर खोटं बोललेला सुपरवायझर तो हाच.

तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला. मेन स्विच पाडला, ब्रेकचा दांडा धरला. लिफ्टमध्ये एकच माणूस असला की दोराच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या वजनांची ओढ जास्त पडते. दांडा दाबला की ब्रेक सुटतो आणि लिफ्टचा डबा वर सरकतो. दांडा थोडाथोडा दाबत-सोडत नेला तर डबा दारापाशी येऊन थांबतो. नुसता दाबून धरला, तर डबा सुसाट वर जाऊन आदळतो. मागाहून "ब्रेक निसटला" म्हटलं असतं की झालं. खोटं कसं पचतं, हे त्याने बघितलंच होतं.

 खालून वॉचमन ओरडला, "भाऊ, साहेब बोलत नाहीयेत!"

"देवा, याचे दात पाड," पानेभाऊ दातओठ खात म्हणाला आणि दांडा किंचित दाबला. डबा सरकला. दांडा सोडला. डबा थांबला. "याचं घर ओसाड कर." पुन्हा किंचित. आठवतील तेवढे शाप त्याने देवाच्या कानावर घातले. तोंड थांबलं नाही, आणि हातही चुकला नाही. डबा मजल्याला लागल्याची दोरांवरची खूण जुळली तेव्हा त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

त्याने खाली येऊन दार उघडलं. सुपरवायझर कोपऱ्यात मुटकुळं करून बसला होता. वॉचमनने गाडीतून पंप आणला. पंप दोनदा ओढल्यावर सुपरवायझरने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"वर... तू होतास?"

पानेभाऊने आपली पाण्याची बाटली पुढे केली. "तो प्यायलेला नव्हता."

सुपरवायझर बराच वेळ पाणी प्यायला. मग वॉचमनसमोरच पुटपुटला, "नव्हता. माहितीये मला." आणि जिन्याने खाली निघून गेला.

घरी हे ऐकून धाकटा भडकला. "पाणीसुद्धा पाजलंस? माझ्या पायाची काही किंमत?"

"शाप दिले रे. सगळे दिले."

"मग सोडलास का त्याला?"

"ते देवाला सांगायचं होतं, सांगितलं. दांडा माझ्या हातात होता."

बायकोने हळूच विचारलं, "प्रीती वाटली का?"

"अजिबात नाही," पानेभाऊ म्हणाला.

धाकटा तोंड फिरवून बसला. मग त्याने विचारलं, "खरंच म्हणाला तो? 'नव्हता' असं?" आणि उशीत तोंड खुपसून रडला.

पुढे वॉचमनने जबाब दिला, चौकशी पुन्हा झाली, आणि सुपरवायझरने या वेळी नाकारलं नाही. धाकट्याला गोदामात बसून करायचं काम मिळालं. सुपरवायझर समोरून आला की पानेभाऊ आजही रस्ता बदलतो.