तंटा हाय, असं लिहा

"तू तिथंच बस. चपला सांभाळ," अध्यक्ष म्हणले. बसलो. तंटामुक्तीची बैठक होती पारावर, अन् तंटा आमचाच होता. पाटलानं आमच्या वस्तीचा मसनवट्याचा रस्ता नांगरून सोयाबीन पेरलेलं. मढं वढ्यातून न्यावं लागायचं.

बोलायला वस्तीनं मलाच धाडलं. का, तर तोंड चालतंय. शाळंचं तोंड पाहिलं न्हाई, पर नकला लई करतो.

पाटील म्हणले, "वढ्यातून मढं कसं नेता रे? दाव की करून."

दावलं. तिरडी खांद्यावर घेतल्यावानी वाकलो, घसरलो, चिखलात बसलो, वर मढ्यालाच म्हणलं, "उतर बाबा, जरा धक्का मार." बैठक पोट धरून हसली. मीबी हसलो. माय लांब उभी होती. ती हसली न्हाई.

त्या हसण्यातच अध्यक्षानं कागद पुढं केला. "मिटलं बघ. हाण अंगठा." हाणला. काय मिटलं, इचारलं न्हाई. वस्तीत येऊन छाती काढून सांगितलं, मिटवून आलो.

पुढं माझ्या शाळंतल्या पोरीनं पंचायतीत लावलेला तो कागद वाचला. "रस्त्याबद्दल आमची काही तक्रार नाही." खाली माझा अंगठा. चांगला ठळक.

श्रावणात माय गेली. वढा कमरंइतका. माझा पाय घसरला. नकलंत घसरला होता, हुबेहूब तसाच. तिरडी कलली, मायचं डोकं पाण्यात गेलं. मागं कोणतरी हसलं. त्याला काय बोलू? मीच शिकवलं होतं.

गेल्या महिन्यात पुन्हा बैठक. गावात तंटा उरला का बघायला तालुक्याचे साहेब आलेले. पाटील म्हणले, "आलास? ती नक्कल दाव सायबाला."

चपलांतून उठलो अन् सतरंजीवर पाटलाच्या बाजूला जाऊन बसलो.

"वर कुठं?" अध्यक्ष म्हणले.

"तंटा दोघांचा हाय ना? मग सतरंजी एकच. तो कागद मोठ्यानं वाचा."

कोणी वाचंना. अध्यक्षानं नवा कागद अन् शाईचा डबा सरकवला. "मिटलेलं उकरू नको. अंगठा दे."

वस्तीत म्हातारी माणसं अजून हायेत. त्यांनाबी त्याच वढ्यातून न्यायचंय. मी अंगठा मुठीत घेतला.

"लिहा, तंटा हाय. त्याच्याखाली देतो. दुसऱ्या कशाखाली न्हाई."

अजून लिहिलं न्हाई त्यांनी. मी हरेक बैठकीला जाऊन बसतो. सतरंजीवर.