बंदुकीच्या दुकानातला चिमटा

घोडा दाबला तरी बार झाला नाही, अन् आमच्या यायनं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, बंदूक उलटी करून थेट नळीतच डोळा लावला!

आज वावरातून जळक्या बारुदीचा वास आला अन् मी मनानं पुन्हा अमरावतीच्या त्या बंदुकीच्या दुकानामागं जाऊन उभी राह्यली. त्या साली कापसाले भाव आला होता, म्हणून कपाशी खाणाऱ्या सशांसाठी बारीक नळीची रायफल घ्याले आलो होतो. मामाजी, म्हणजे माहे सासरे, म्हणत, "चकाकते तेच घे." दुकानदार हसला, "चाचा, चमक मत देखो, हर बार चलती क्या वो देखो." म्हणून हे दुकानामागं बंदूक चालवून पाहून राहिले होते.

अडलेली गोळी उशिरानं सुटते, हे मी माहेरी पाह्यलं होतं. पण सासऱ्यासमोर सुनेनं तोंड कसं उघडावं? मंग कडेवरच्या तान्ह्या गणूच्या मांडीले असा चिमटा घेतला, का तो किंचाळलाच. हे दचकून वळले, नळी खाली गेली, अन् धाडकन गोळी मातीत घुसली.

"देवानं रडवलं पोट्ट्याले!" मामाजी म्हणाले. दुसरी, बिनचमकीची बंदूक घेतली. तिनं एकही बार चुकवला नाही.

रातभर गणू कण्हत होता. काळीनिळी मांडी पाहून सासू म्हणे, "काहून वं, लेकरू सांभाळता येत नाही तुले?" तो चिमटा माहाच, हे आजवर कोणाले सांगितलं नाही, अन् लपवून थकली आता. बायांनो, तुमी काय केलं असतं?