'ग्रॉस' या शब्दाचा वाक्यात उपयोग

मी आज जो कोणी आहे तो आमच्या तालुक्याच्या हायस्कुलातल्या इंग्रजीच्या बाईंमुळे. वडील टेम्पो चालवायचे, घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजात माझं नाव घालायला वडिलांच्या सोबत बाईच आल्या होत्या. शब्दाचा नुसता अर्थ पाठ केलेला बाईंना चालत नसे. प्रत्येक शब्दाला एक वाक्य हवं, आणि तेही पुस्तकातलं नाही, कानावर पडलेलं. आमच्या गावात इंग्रजी कानावर पडणार कुठून? एसटी स्टँड, मेडिकलचं दुकान, क्रिकेटची कॉमेंट्री. वाक्य आणलं की बाई विचारायच्या, "कोण कुणाला म्हणालं? का म्हणालं?" ते सांगता आलं नाही तर शब्द आला असं त्या मानत नसत.

आता मी बहरीनला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. दिव्यांचा धंदा आहे, माल चीनहून येतो, ऑफिस सनाबिसला. गेल्या वर्षी शोरूमसाठी तीन चिनी माणसं आली, दोन मुली आणि एक तरुण. त्यांचं इंग्रजी जेमतेम. मग आठवड्यातून दोनदा, ऑफिस सुटल्यावर मीटिंग रूममध्ये त्यांचा वर्ग घ्यायचं काम माझ्याकडे आलं. शिकवायची मला एकच पद्धत माहीत होती, बाईंची.

थोरली मुलगी धीट होती. एकदा मनामाहून गाडीतून येताना उन्हानं तिला मळमळायला लागलं, तर ती ड्रायव्हरला म्हणाली, "आय अ‍ॅम ग्रॉस." ड्रायव्हरनं ते ऑफिसात येऊन सांगितलं आणि सगळे दोन दिवस हसत होते. वर्गात तिनं मला विचारलं, चुकलं काय? तिच्या भाषेत म्हणे पोटात ढवळतं तेव्हाही तोच शब्द आणि एखाद्या गोष्टीची किळस येते तेव्हाही तोच. मोबाइलमध्ये तिला 'ग्रॉस' मिळाला आणि तिनं तो स्वतःला लावला.

मलाही कॉलेजात हा शब्द भेटला होता तो पगाराच्या हिशेबात. त्याचा बोलण्यातला अर्थ मी इथे आल्यावर, बिल्डिंगमधल्या शाळकरी पोरांच्या तोंडून शिकलो. मी फळ्यावर लिहून समजावलं. मळमळतं तेव्हा 'आय फील सिक' म्हणायचं. ज्या गोष्टीची किळस येते तिला 'ग्रॉस': तुंबलेलं बेसिन, केस पडलेलं ताट. आम्ही 'शी!' म्हणतो तसं. शब्द घरगुती आहे, ऑफिसच्या ईमेलमध्ये नको, वडीलधाऱ्यांसमोर नको. वस्तूला म्हटलं तर तक्रार होते, माणसाला म्हटलं तर शिवी. मग अभ्यास दिला: हा शब्द कुठे कानावर पडला तर वाक्य आणा.

पुढच्या वर्गाला तिघांनीही वाक्यं आणली. मला आनंद झाला. थोरलीनं वाचलं, "युवर फिश इज ग्रॉस." धाकटीनं वाचलं, "ओपन द विंडो, इट्स सो ग्रॉस." तरुण चाचरत म्हणाला, "दीज पीपल आर ग्रॉस."

सवयीनं मी विचारलं, कोण कुणाला म्हणालं?

तिन्ही वाक्यं आमच्या पॅन्ट्रीतली, म्हणजे ऑफिसातल्या जेवायच्या खोलीतली होती. पहिली दोन मॅनेजर साहेबांची, तिसरं त्यांच्या मागे हसत उभ्या असलेल्या कुणाचं तरी.

"टीचर," थोरलीनं विचारलं, "हा शब्द फक्त चिनी लोकांसाठी आहे का?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला वापर समजून घ्यायचा होता. मला त्या फळ्यासमोर उभं राहायची शिसारी आली. मी "नाही" एवढंच म्हणालो आणि फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिघं कोपऱ्यातल्या टेबलावर बसली होती. खारवलेली मासळी, भात, कसल्याशा पाल्याचं लोणचं. साहेब आत आले. साहेब मुंबईचे, मराठी, भरपूर शिकलेले. हातात रूम फ्रेशनर. ते त्या तिघांच्या डोक्यांवरून फवारत गेले. ते तुषार त्यांच्या भातावर पडताना मी पाहिले. गुलाबाचा वास पसरला तसं मी माझ्या डब्यावर झाकण अर्धं ओढलं.

मग साहेब माझ्या शेजारी बसले आणि माझ्या डब्यात डोकावले.

"सुकट? आईनं पाठवली?"

"हो साहेब. गावचा एक जण आला, त्याच्याबरोबर."

"च्यायला, आणि लपवून खातोस! आण इकडे." भाकरीवर चटणी घेऊन त्यांनी बोटं चाटली. "आहाहा! नाहीतर ही मंडळी बघ. काय खातात, शी! ग्रॉस."

"साहेब, त्यांचीही सुकी मासळीच आहे."

"ए, आपली सुकट वेगळी. बरं ऐक, उद्यापासून त्यांना मागे बसायला सांग. तू त्यांचा मास्तर ना? जरा गोड इंग्रजीत सांगून टाक. खलास."

मागे म्हणजे इमारतीच्या मागे, जिथे सगळ्या एसींची गरम हवा सुटते आणि कचऱ्याचे ड्रम असतात. बहरीनच्या उन्हाळ्यात.

आमच्या मराठीतला 'ग्रॉस' तेवढा थोरलीला कळला होता. "टीचर, सर काय म्हणाले?"

बाईंनी मला जे इंग्रजी दिलं ते साहेबांना या कामासाठी हवं होतं. मी गोड काही केलं नाही. "उद्यापासून तुम्ही बाहेर कचऱ्यापाशी जेवायचं, असं म्हणाले. हे मी म्हणत नाही. ते म्हणतात."

ती उठून साहेबांसमोर आली. "सर, व्हाय?"

साहेबांची बोटं अजून तेलकट होती. इतके आठवडे जो शब्द जाता-येता फेकत होते, तो तिनं समोर येऊन विचारल्यावर म्हणवेना. "ऑफिस पॉलिसी," ते म्हणाले.

"ओके. मग टीचरची फिशपण बाहेर?"

कुणीतरी हसू दाबत खाकरलं. साहेब मराठीत मला म्हणाले, "तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल माझ्याच टेबलावर येतं, लक्षात ठेव." आणि माझी चटणी लावलेली भाकरी हातात घेऊन केबिनमध्ये गेले. ती परत जागेवर बसली आणि तिनं आपलं जेवण पुरं केलं.

त्याच महिन्यात मी बाईंना पत्र पाठवलं.

"बाई, नमस्कार करतो.

तुमच्या पद्धतीनं मी इथे तिघांना शिकवतो हे मागे कळवलं होतं. साहेबांनी तो वर्ग बंद केला, मीटिंग रूमची किल्ली परत घेतली. आता शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिघं माझ्या खोलीवर येतात. पॅन्ट्रीतून मात्र त्यांना अजून कुणी उठवलेलं नाही. तसं लेखी द्यायला साहेब धजत नाहीत. माझ्या रिन्यूअलचं काय होईल ते ठाऊक नाही. आई बाजारात भेटली तर यातलं काही सांगू नका, तिची झोप उडेल.

एवढी शिकलेली माणसं अशी वागतात, याची मला इतकी किळस आली आहे बाई, की पॅन्ट्रीत घास उतरत नाही. डबा घेऊन एकटं मागे जावं असं रोज वाटतं. पण मी उठलो तर त्या तिघांतलं आधी एक जण उठेल, मग बाकीचे, आणि हुकूम न काढताच साहेबांना हवं ते मिळेल. म्हणून आतच बसतो, त्या तिघांच्या टेबलावर. जेवढं जातं तेवढं खातो.

तुमचा विद्यार्थी"