माझ्या वजनाची सायकल

पुण्यातल्या सायकलच्या दुकानदाराने माझं वजन माझ्या नवऱ्याला विचारलं. मी शेजारीच उभी होते, माझ्याच सायकलचं हँडल धरून.

"साठच्या आसपास असंल," नवरा म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"पन्नास," मी म्हणाले.

"आपण सत्तर धरून चालू, सर. पाठीवर सामान असतंच," दुकानदार म्हणाला, पुन्हा त्याच्याकडेच बघत. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "मॅडम, मऊ सीट बसवून देऊ का?"

ती सायकल मी स्वतः जुळवली होती. मी खालापूरच्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात काम करते, आणि आमचं गाव कर्जत-चौक रस्त्यापासून जरा आत आहे. कामावर जाताना थोडं डांबर लागतं, मग खडी, मग बांधावरची वाट. रविवारी मी माथेरानच्या पायथ्याच्या दगडांत जाते. या सगळ्याला पुरेल अशी, पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली एकच सायकल मला हवी होती. दुकानांत होत्या त्या उंच पुरुषांच्या मापाच्या. बायकांसाठी म्हणून जी दाखवत, ती जांभळी असे आणि तिचे भाग हलक्या प्रतीचे. म्हणून मी आधी लहान मापाची फ्रेम मिळवली आणि एकेक भाग गोळा केला. चाकं, गिअर, ब्रेक सगळं घरच्या ओटीवर बसवलं. ब्रेकच्या दांड्या माझ्या आखूड बोटांना पोचतील अशा आत घेतल्या. पुढचा फोर्क आणि मागचा शॉक, म्हणजे धक्के झेलणारे भाग, मात्र वापरलेले मिळाले होते. ते आतून साफ करून, हवा भरून, माझ्या वजनाला लावून घ्यायचे होते. तेवढ्यासाठी आम्ही दोघं पुण्याला गेलो.

सायकल आणली आणि पहिल्याच रविवारी उतारावर पडले. पुढचं चाक दगडावरून चेंडूसारखं उडत होतं. हाताला मुंग्या आल्या आणि शेवटी मनगटावर आपटले. मी दुकानात फोन केला.

"सायकल उत्तम आहे, मॅडम. तुम्हाला सवय नाही. हात सैल सोडा," तो म्हणाला.

मी शाळेपासून सायकल चालवते आहे. आमच्या गावातून कर्जतच्या शाळेत सायकलने जाणारी मी एकटीच मुलगी होते. आणि हा मला सवय नाही म्हणून सांगत होता! पण त्याहून जास्त लागलं ते नवऱ्याचं. सुजलेल्या मनगटाला हळद लावता लावता तो म्हणाला, "अगं, तो रोज हेच काम करतो. त्याला कळत नसंल का? तुजंच कायतरी चुकत असंल."

"तुमी कदी बसलाय या सायकलवर?"

"नाय."

"मग गप बसा."

मनगट बरं झाल्यावर मी फोर्क तपासायला घेतला. त्याच्या नळीवर एक रबरी कडं असतं. फोर्क किती दबला ते त्यावरून कळतं. मोठ्या दगडावरून उतरले तरी कडं अर्ध्यावरच थांबत होतं. हवा कमी केली, तरी अर्ध्याच्या पुढे फोर्क घट्टच. शेवटी सगळी हवा सोडून वरचं झाकण उघडलं. आत प्लास्टिकच्या जाड चकत्या एकावर एक खच्चून बसवलेल्या होत्या. चकत्या घातल्या की हवेला जागा कमी उरते आणि फोर्क दबताना लवकर कडक होतो. उंचावरून उड्या मारणाऱ्या भारी माणसाला ते बरं असतं. शिवाय दबलेला फोर्क परत किती वेगाने उठावा, त्याची चावी पूर्ण मंदावर फिरवलेली होती. फोर्क परत उठेपर्यंत पुढचा दगड आलेला असे. मला सवय नव्हती म्हणे!

मी सगळ्या चकत्या काढल्या. माझ्या वजनाएवढी हवा भरली. मग गावामागच्या एकाच दगडी उतारावर पुन्हा पुन्हा गेले, एका वेळी एकच गोष्ट बदलत. आधी हवा, मग ती चावी, मग मागचा शॉक. हळूहळू चाक जमीन धरू लागलं. खाली पोचल्यावर हात दुखत नव्हते.

चकत्या डब्यात घालून मी पुन्हा पुण्याला गेले. नवरा सोबत आला. दुकानदार त्यालाच म्हणाला, "बोला सर, काय प्रॉब्लेम?"

"माज्याशी नका बोलू. सायकल तिची हाय," नवरा म्हणाला.

मी डबा काउंटरवर उलटा केला. "या कोणासाठी घातल्या होत्या?"

"ते स्टँडर्ड सेटिंग आहे."

"कोणाच्या वजनाचं?"

त्याने एक चकती उचलून पाहिली. "फोर्क तुम्ही उघडलात? मग आता आमची जबाबदारी नाही."

"मी पडले तेव्हा तरी कुठे घेतली होती?" माझा आवाज चढला. दुकानातले बाकीचे वळून बघायला लागले. बघू देत. "मी वजन सांगितलं होतं. तुम्ही ते ऐकलंसुद्धा नाही."

"आमच्याकडे लेडीज कस्टमर फारशा येत नाहीत, मॅडम."

"येतील कशाला?"

त्याने माफी मागितली नाही. चकत्या गोळा करून खणात टाकल्या, बहुतेक दुसऱ्या कोणाच्या तरी फोर्कमध्ये घालायला.

परतताना चौकच्या ढाब्यावर चहाला थांबलो. नवऱ्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तवा मी तुज्यावर इश्वास ठेवायला पायजे होता."

"ठेवला नाय."

"नाय ठेवला," तो म्हणाला. सारवासारव केली नाही, तेवढं मला बरं वाटलं. पण राग गेला नाही.

पुढच्या रविवारी तो माझ्यासोबत उतारावर आला. तिथे स्कूटर जात नाही म्हणून चालत आला आणि एका खडकावर उभा राहिला. मी त्याच्या शेजारून खाली गेले. मागून त्याचा आवाज आला, "हळू गं!"

मी ब्रेक लावला नाही.