चार सर्किटं, एक रेघ

आटपाडीकडचा धुळा, मेंढपाळाचा मुलगा, शिरवळच्या कारखान्यात शाळांसाठीचे मोठे टच बोर्ड जोडायचा. काचेमागे चार सर्किटं होती, प्रत्येकाकडं पडद्याचा एकेक पट्टा. नव्या बोर्डावर बोटानं ओढलेली रेघ पट्टे जुळतात तिथं तुटत होती. इंजिनिअर सोनमनं ठपका धुळाच्या सोल्डरिंगवर ठेवला.

"काका, सोल्डरचे डाग कच्चे निघाले तर उद्या तुमच्या जागी दुसरा बसेल."

धुळानं चोवीस डाग काढून पुन्हा दिले. रेघ तुटलीच. मग त्यानं तारांचा माग काढला. सुरू होण्याचा इशारा मुख्य सर्किट बोर्डाकडून फक्त पहिल्या सर्किटात येत होता, मग पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात जात होता.

"मॅडम, पुढचं मेंढरू बघून मागचं उठलं, तर उशीर व्हणारच, रेघ तुटणारच. आमी एक शीळ घालतो, समदी एकदम उठत्यात."

"इथं मेंढरं कुठली, काका?" सोनम म्हणाली, पण तिनं सर्किटचा नकाशा उघडला. मग मान डोलावली.

धुळानं चार तारा मापून सारख्या कापल्या आणि प्रत्येक सर्किट थेट मुख्य बोर्डाला जोडलं. सोनमनं बोट ओढलं. रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड गेली.

"डाग पक्केच होते तुमचे," ती म्हणाली.

धुळानं सोल्डरगन थंड करायला ठेवली आणि सकाळपासून तसाच राहिलेला डबा उघडला.