झाफिर्काचे सुटे पट्टे

काडी न लावता पेटणारी श्टिप गावात एकच वस्तू आहे, ती म्हणजे आमची झाफिर्का, असं मेंका म्हणायची. मेंका तिची जुनी मैत्रीण, त्यामुळे तिला असं बोलायची मुभा होती. बाकीच्या बायका झाफिर्का समोरून येताना दिसली की मशीनवर मान खाली घालायच्या.

वांगेलच्या कारखान्यात झाफिर्काला सव्वीस वर्षं झाली होती. आधी तिथे शर्ट शिवले जायचे. मग शर्टांची कामं आणखी स्वस्त देशांत गेली आणि वांगेलने गुडघ्याचे, कोपराचे आणि घोट्याचे आधारपट्टे शिवायला घेतले. दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या, मध्ये जाड कापड, वर चार रुंद पट्टे आणि त्यांना वेल्क्रो. रांगेच्या शेवटी तपासणीचं टेबल होतं आणि तिथे झाफिर्का बसायची. प्रत्येक पट्ट्याच्या टोकावरून ती अंगठा फिरवायची. टोक टाके ठोकून पक्कं केलेलं असलं तर माल पुढे, मोकळं राहिलं असलं तर माल मागे, आणि शिवणारीच्या सात पिढ्यांचा उद्धार. "टोक मोकळं ठेवणारी बाई उद्या घराचं दारही उघडं टाकेल," असं ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी ऐकवायची.

तिची मुलगी गेना अकरा वर्षांची. पूर्ण नाव एव्गेनिया, पण ते फक्त दवाखान्याच्या कागदांवर. गेल्या शरदात शाळेच्या पायऱ्यांवर तिच्या गुडघ्याची वाटी सरकली, पुन्हा नाताळात सरकली. डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष आधारपट्टा लावायचा, झोपेपुरता काढायचा. या काळात वाटी आणखी एकदा सरकली तर पाय कापून आतून बांधावा लागेल, आणि वाढीच्या वयात ते नको. विम्यातून वर्षाला एकच आधारपट्टा मिळतो. मिळाला तो वांगेलच्याच कारखान्यातला. झाफिर्काने उलटा करून पाहिला, तपासणीच्या शिक्क्यावर तिचाच आकडा होता. त्या दिवशी तिला अभिमान वाटला होता. पुढे त्या अभिमानाची तिला इतकी चीड आली की विचारू नका.

मार्चच्या बावीस तारखेला, चेत्र्सेच्या दिवशी, अख्खं गाव इसारच्या टेकडीवर चढतं. चाळीस खडे वेचायचे, चाळीस जणांना हाक मारायची, बदामाची फुलं घेऊन खाली यायचं. गेना मैत्रिणींबरोबर गेली. झाफिर्का मागाहून निघणार म्हणून चपला शोधायला वाकली, तर पलंगाखाली आधारपट्टा. नायलॉनच्या पिशवीत गुंडाळून, तोंडाला गाठ मारून ठेवलेला.

ती टेकडीवर कशी पोहोचली ते तिचं तिलाच ठाऊक. वाटेत किती जणांनी सणाची हाक मारली, तिने एकालाही ओ दिली नाही. वर, किल्ल्याच्या भिंतीपाशी, गेना दगडावरून दगडावर उड्या मारत होती. उघड्या गुडघ्याने.

"उतर खाली," झाफिर्का म्हणाली.

"आई, सगळे बघतायत."

"बघू देत. तुझा पाय कापतील तेव्हाही येतील बघायला, तिकीट लावू आपण."

घरी आल्यावर गेनाने पिशवीची गाठ सोडली आणि आधारपट्टा आईच्या नाकासमोर धरला. "घे, वास घे. घे ना! वर्गात इवाना माझ्या शेजारून उठून गेली. म्हणाली, तुझ्या पायाला मेलेलं मांजर बांधलंय का?"

झाफिर्काने वास घेतला. खरंच होता. तीन महिन्यांचा घाम, लोकरी मोज्यांची कुबट ओल. धुवायचा म्हटलं तर बिजागऱ्या आणि पट्टे सगळं एकाच शिवणीत, अख्खा बुचकळावा लागे. मग दोन दिवस वाळत नसे, आणि तेवढे दिवस गुडघा उघडा. शिवाय लोकरीच्या मोज्यांचा पुंजका वेल्क्रोत अडकून त्याची पकडच गेली होती. पट्टा बदलायचा तर अख्खा आधारपट्टा नवा घ्यायचा.

"मी नाही घालणार," गेना म्हणाली. "सरकू दे वाटी."

झाफिर्काने हात उगारला. मग तो तसाच खाली घेतला आणि टेबलावर आपटला. राग मुलीवर नव्हता. पण ज्यांच्यावर होता त्यांच्यापैकी कुणीच स्वयंपाकघरात नव्हतं.

पुढचे तीन रविवार तिने त्याच टेबलावर काढले. युक्ती साधी होती. आधारपट्ट्याच्या कडेला छोट्या कापडी पट्ट्यांनी चपट्या प्लास्टिकच्या कड्या बसवायच्या. पट्टा कडीतून ओवायचा, मागे दुमडायचा आणि दुमड वेल्क्रोने धरायची. दोन्ही टोकं अशी. मग चारही पट्टे सुटे होतात, मोज्यांसारखे धुता येतात, तासाभरात वाळतात, आणि वाळेपर्यंत दुसरे चार लावता येतात. मूल वाढलं तर लांब पट्टा, वेल्क्रो गेलं तर फक्त नवा पट्टा. पहिल्या खेपेला धुतलेले पट्टे वेल्क्रोमुळे एकमेकांना असे चिकटले की गोळाच झाला, म्हणून तिने टोकावर झाकणाची घडी दिली. दुसऱ्या खेपेला कुठला पट्टा कुठे हे कळेना, कारण चारही लांबींत बोटाबोटाचाच फरक. मग तिने टोकाजवळ जाड दोऱ्याचे उठावाचे टाके घातले, सर्वांत वरच्या पट्ट्याला एक, त्याच्या खालच्याला दोन, असे चारपर्यंत. पाहायची गरज नाही, बोटाला कळतं. गेना पलंगावरून सगळं पाहत होती आणि पाहत नाही असं दाखवत होती.

कारखान्यात तिने कापडाच्या तुकड्यावर केलेला नमुना ब्लागोयसमोर ठेवला. ब्लागोयकडे वेळ मोजायचं काम होतं. कुठल्या शिवणीला किती सेकंद हे तो ठरवायचा आणि गळ्यातलं घड्याळ जेवतानाही काढायचा नाही.

"छान आहे," तो म्हणाला. "आठ कड्या, आठ दुमडी. नगामागे एकशे दहा सेकंद जास्त."

"माझ्या मुलीची दीड वर्षं आहेत. त्याचे सेकंद कर."

"झाफिर्काताई, मला ओरडून काय होणार? मी फक्त मोजतो."

"हो ना! आगीत उभा राहून ज्वाळा मोजणारा माणूस आहेस तू."

ही बोलाचाली मालकाच्या काचेच्या खोलीपर्यंत गेली. वांगेल बाहेर आला. त्याला तंटा नको होता. "बुधवारी ग्राझच्या कंपनीच्या बाई येतायत," तो म्हणाला. "माल त्यांचा, आराखडा त्यांचा. त्यांना दाखव. त्या हो म्हणाल्या तर माझी ना नाही."

दाखवायचा तर चांगलाच दाखवायचा. तिने गेनाचाच आधारपट्टा आणला, कारण दुसरा नव्हता. गेनाला शेजारणीच्या देखरेखीखाली पलंगावर बसवलं आणि संध्याकाळी परत आणते म्हणून शपथ घेतली. पट्टे ओवून, टोकं दुमडून, सगळं नीट बसवून तिने तो सकाळी मेंकाकडे दिला. मेंका टाके ठोकायच्या मशीनवर एकोणीस वर्षं होती. "कड्यांच्या पट्ट्या ठोक," झाफिर्का म्हणाली आणि वांगेलकडे धावली, कारण बाई तासभर आधीच उतरल्या होत्या.

परत आली तेव्हा काम झालं होतं. तिने आधारपट्टा हातात घेतला, प्रत्येक टोकावरून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि काचेच्या खोलीत गेली.

ग्राझच्या बाई पन्नाशीच्या, शांत. वांगेल जर्मनमध्ये सांगत होता. झाफिर्काने वरचा पट्टा धरून ओढला. आला नाही. पुन्हा ओढला. दुसरा ओढला. आठही टोकं कड्यांत घट्ट, प्रत्येकावर मेंकाचे सुबक, न निघणारे टाके.

ब्लागोय दारात उभा होता. "सुटे पट्टे," तो म्हणाला, "कात्री सोबत मोफत."

झाफिर्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने खोलीचं दार उघडलं आणि सगळ्या मशीनांवरून आवाज दिला. "मेंका! तुझे हात झडले का गं? मी कड्या ठोक म्हटलं, टोकं कुणी सांगितली?"

मशीनं थांबली. मेंका उठून दारापाशी आली, हातातला दोरा तसाच. "कुणी सांगितली? तूच! एकोणीस वर्षांपूर्वी, याच ठिकाणी, मोकळ्या टोकासाठी माझ्या हातावर मोजपट्टी मारली होतीस. दुमडलेलं टोक दिसलं की हात आपोआप ठोकतो. तूच बसवलाय तो तसा." मग तिचा आवाज खाली आला. "आणि तपासलं कुणी गं आता? अंगठा कुणाचा फिरला?"

अंगठा तिचाच फिरला होता. टोक पक्कं लागलं म्हणून तिने मान डोलावली होती. जे टाळण्यासाठी तीन रविवार घालवले, तेच तिने स्वतः तपासून, चांगलं आहे म्हणून आत नेलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिने एप्रनच्या खिशातून उसवायची कातर काढली. बाईंसमोर, वांगेलसमोर, ब्लागोयच्या घड्याळासमोर ती टाके उसवायला लागली. चटचट नाही, एकेक, कापडाला चरा न जाऊ देता, कारण तो तिच्या मुलीचा एकुलता एक आधारपट्टा होता. मेंका न विचारता शेजारी बसली आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. आठ टोकं व्हायला पाव तास गेला. मग झाफिर्काने पट्टे काढून दाखवले, लावून दाखवले, डोळे मिटून पुन्हा लावले.

बाईंनी टोकाजवळच्या उठावाच्या टाक्यांवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. वांगेलने सांगितलं. त्या हसल्या, आणखी काहीतरी बोलल्या, आणि घड्याळ पाहून उठल्या.

"काय म्हणाल्या?"

"कल्पक आहे म्हणाल्या. पण सरकारी मंजुरी या आराखड्याला आहे, तो बदलायचा तर पुन्हा सगळे कागद करावे लागतील. माल आहे तसाच हवा." वांगेलने तिच्याकडे न पाहता भर घातली. "दुपारी त्या पास्त्रमाइलिया खायला चालल्यात. तूही ये हवं तर."

"माझ्या पोटात जागा नाही," झाफिर्का म्हणाली. "तिथे तुम्ही सगळे बसलायत."

संध्याकाळी तिने आधारपट्टा गेनाच्या पलंगावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. काय झालं ते सांगायला गेली असती तर ओरडली असती, आणि ओरडण्यासारखं पोरीने काही केलं नव्हतं. गेनाने बराच वेळ पट्टे काढले, लावले. मग न्हाणीत पाण्याचा आवाज आला. पोरीने चारही पट्टे साबणाने घासले, जाड कापड ओल्या फडक्याने पुसलं, सगळं शेगडीजवळच्या दोरीवर टाकलं. सकाळी शाळेला निघण्याआधी लावताना तिसरा पट्टा दुसऱ्याच्या जागी गेला. झाफिर्काचा हात पुढे झाला.

"हात लावू नकोस," गेना म्हणाली. तिने टोक चाचपलं, टाके मोजले, काढून खाली लावला. मग दप्तर उचललं आणि पायऱ्या एकेक करत उतरली. झाफिर्का खिडकीतून ती वळणापार जाईपर्यंत पाहत राहिली, जणू नुसत्या पाहण्यानेच वाटी जागच्या जागी राहणार होती.

पुढच्या गुरुवारी हाडांच्या दवाखान्याच्या रांगेत एका आईने गेनाचा गुडघा पाहिला आणि विचारलं, हे कुठे मिळतं? कुठेच मिळत नव्हतं. झाफिर्का म्हणाली, घेऊन या. पुढच्या आठवड्यात तिघी आल्या, मग एक म्हातारा आला, ज्याचा लकव्यामुळे एकच हात चालायचा. त्याच्यासाठी तिने कडी मोठी केली. मेंका रविवारी कड्या ठोकायला येऊ लागली, टोकं सोडून. "माझे हात बांधून ठेव हवं तर," ती म्हणायची. दिवसभर कारखान्यात टोकं पक्की करायची आणि सुट्टीच्या दिवशी तीच उसवायची, असं चालू झालं. उसवताना झाफिर्का प्रत्येक टाक्याला शिव्या द्यायची. त्यांतल्या निम्म्या स्वतःसाठी असायच्या.

रुग्णांना दिलेल्या मालावर परके टाके दिसले म्हणून दवाखान्यातून वांगेलला फोन गेला. त्याने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. "आपलाच माल उसवतेस? माझ्याच कारखान्यात बसून?"

"घरी बसून. अठ्ठावीस उसवले. एकोणतिसावा आज येतोय."

"मी तुला काढू शकतो, झाफिर्का."

"काढा."

काढलं नाही. सव्वीस वर्षं राबलेली बाई काढली तर गाव काय म्हणेल, याची त्याला भीती होती. तपासणीच्या टेबलावरून मात्र उठवलं आणि खोकी भरायला बसवलं. पगार उतरला. तिच्या खुर्चीवर एक नवी मुलगी आली, ती घाबरत घाबरत टोकं चाचपते.

गेनाला अजून चार महिने आधारपट्टा लावायचा आहे. वाटी सरकलेली नाही. झाफिर्का रोज दोनशे आधारपट्टे खोक्यांत भरते, दोनशेंचे पट्टे शिवून टाकलेले, आणि प्रत्येक खोकं बंद करताना तिला ते पोहोचेल त्या घरातलं मूल दिसतं. चिकटपट्टी ती इतक्या जोराने फाडते की ब्लागोय आता त्या बाजूने जातच नाही.