मुक्ताबाईचा उजवा दंड

सारसोळ्याच्या मुक्ताबाईने आपल्या दंडांकडे उभ्या आयुष्यात कधी निरखून पाहिलं नव्हतं. दंड कामाला असतात, बघायला नसतात, असं तिचं साधं मत. नेरूळच्या मासळी बाजारात तिची ओट्यावरची जागा ठरलेली. सकाळी बर्फाची टोपली उचलायची, कोयता चालवायचा, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची आणि दुपारी घरी येऊन सगळ्यांच्या आधी सासूला जेवू घालायचं, यात तिची तीसेक वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत दंडही भरत गेले. ते भरताना तिला कळलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही, कारण मुक्ताबाईला असलं काही सांगायची बाजारात कुणाची टाप नव्हती.

मग तिच्या एकुलत्या एका मुलाचं, कुंदनचं, लग्न ठरलं. मुलगी तळवलीची, चांगल्या घरची. साखरपुड्याहून परतल्यावर नवरा गंगाराम अंगणात जाळं दुरुस्त करत बसला, तेवढ्यात मुक्ताबाईने आतल्या खोलीत जाऊन कपाटातली घराण्याची सोन्याची वाकी काढली आणि उजव्या हातात चढवली. वाकी मनगटावरून गेली, कोपरावरून गेली आणि कोपराच्या वर दोन बोटं जाऊन जी थांबली ती थांबलीच. ओढून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं, जणू श्वास दंडात असतो! शेवटी साबण लावून काढावी लागली.

तुम्ही म्हणाल, एका दागिन्याचं एवढं काय? पण तो नुसता दागिना नव्हता. त्या घरात लग्नाच्या मांडवात हळदीच्या आधी घाणा भरतात. आंब्याची पानं बांधलेलं मुसळ सवाशिणी मिळून धरतात आणि उखळात तांदूळ कांडतात. घाण्याचा पहिला घाव घरच्या थोरल्या सुनेचा, आणि तो घालताना तिच्या उजव्या दंडात ही वाकी असायची. अखंड सोन्याची, फास नसलेली, कुणी घडवली ते कुणालाच आठवत नाही अशी. तिला सोनाराची आग लावायची नाही, कापायची नाही, वाढवायची नाही. जिच्या दंडात ती बसेल तिचा घाव पहिला, असा घरचा रिवाज होता. मुक्ताबाईची सासू गोजराबाई मुळात धाकटी सून. पण तिच्या थोरल्या जावेच्या दंडात ऐन मांडवात वाकी चढेना, तेव्हा पोटच्या पोराच्या लग्नात त्या बाईला बाजूला उभं करून घाव गोजराबाईला दिला गेला. ती थोरली जाऊ पुढे कुणाच्याच मांडवात पाऊल टाकायला तयार झाली नाही. ही गोष्ट मुक्ताबाईने नवी नवरी असताना ऐकली होती आणि तेव्हा तिला, खरं सांगायचं तर, हसू आलं होतं.

आता हसू येत नव्हतं. मुक्ताबाईची धाकटी जाऊ रंजिता पतपेढीत नोकरी करायची, आणि तिचे दंड शेवग्याच्या शेंगेसारखे होते.

घरात ताकास तूर लागू न देता मुक्ताबाईने मोबाइलवर शोध सुरू केला. एका व्हिडिओत एक शिडशिडीत मुलगी हातात बाटल्या घेऊन सांगत होती की जिथली चरबी कमी करायची तिथलाच व्यायाम करा, आठवड्यात फरक बघा. मुक्ताबाईला हे लगेच पटलं. आणि इथे तिने जो हिशेब केला तो मासळी विकणारी बाईच करू जाणे. वाकी घालायची उजव्या दंडात. मग डाव्यावर मेहनत कशाला घालवायची? उगाच जास्तीचं तोलून द्यायची तिला सवयच नव्हती. इलेक्ट्रिक काटा आल्यापासून घरात पडून असलेलं दोन किलोचं लोखंडी वजन तिने घासूनपुसून बाहेर काढलं आणि एकटा उजवा हात कामाला लावला. डोक्यामागे न्यायचं, वर उचलायचं, पुन्हा मागे न्यायचं. सकाळी चहा उकळेपर्यंत, दुपारी ओट्यावर गिऱ्हाईक नसेल तेव्हा, संध्याकाळी मालिका बघताना. डावा हात मांडीवर निवांत.

"आई, काय चाललंय काय तुझं?" कुंदन एकदा म्हणाला. "एका साइडचीच पैलवान होशील."

"खांदा धरलाय. तू आपली पत्रिका वाट."

तिची नेहमीची गिऱ्हाईक शुभदाताई. जवळच्याच सोसायटीत बायकांचे व्यायामाचे वर्ग घ्यायची आणि बोलायला सरळ होती. ओट्यावर वजन खालीवर होताना तिने पाहिलं.

"मुक्ताताई, एकाच हाताने काय करताय?"

"दंड उतरवते. उजवा."

शुभदाताई हसली नाही, हे तिचं मोठेपण. "असं एका जागेचं नाही उतरत हो," ती म्हणाली. "व्यायामाने त्या जागेला ताकद येते, आतला स्नायू तयार होतो. पण चरबी कुठून आधी काढायची ते शरीर आपल्याला विचारत नाही. वजन कमी झालं की सगळीकडचं थोडं थोडं जातं. कुणाचा आधी चेहरा उतरतो, कुणाचं पोट. दंडाचा नंबर कधी लागेल, काही सांगता येत नाही."

"तुमच्या किलासातल्या बायांचं नसंल उतरत. आमचं कामाचं शरीर हाय," मुक्ताबाई म्हणाली. त्या दिवशी शुभदाताईच्या कोळंबीत बर्फ जरा जास्तच गेला.

पण बोलणं मनात रुतलं होतं. वजन कमी व्हायला हवं ना, मग होऊ दे, म्हणून तिने भात निम्म्यावर आणला आणि बाजारात रिक्षाऐवजी चालत जायला लागली. हळूहळू फरक दिसू लागला, नाही असं नाही. गाल बसले. बांगड्या मनगटात खुळखुळू लागल्या. ब्लाउज पाठीत ढगळ झाला आणि दंडात मात्र तसाच करकचलेला. शरीराने सगळीकडचं सोडलं आणि नेमकी तीच जागा घट्ट धरून ठेवली. मला विचाराल तर शरीरासारखं हट्टी माणूस घरात दुसरं नसतं. शेजारणी एकमेकींत कुजबुजू लागल्या की मुक्ताला शुगर निघाली वाटतं.

गोजराबाईच्याही नजरेतून ते सुटलं नाही. तिला आदल्या वर्षीच्या दुखण्यानंतर स्वतःचं स्वतः न्हाता येत नव्हतं. मुक्ताबाईच तिला रोज पाटावर बसवून आंघोळ घालायची. एके काळी गोजराबाईचा दंड पाहून बाजारातले दलाल वचकून असायचे. आता नुसती हाडाला चिकटलेली कातडी उरली होती. मुक्ताबाई तो हात फार जपून चोळायची.

"तू का गं सुकतेस?" म्हातारीने एक दिवस विचारलं. "दुखनं लपवीत नायस ना?"

"नाय आई."

"माजं असंच सुरू झालं व्हतं." म्हातारीने मुक्ताबाईचं मनगट हातात धरलं आणि पाणी गार होईपर्यंत सोडलं नाही. वाकीचं सांगावं असं मुक्ताबाईच्या ओठांवर आलं होतं. पण रिवाज ज्या बाईने पाळला तिलाच काय सांगणार, म्हणून ती मूग गिळून बसली.

मग एका सकाळी सुरमई कापता कापता तिचा कोयता हवेतच थांबला. उजवा हात वर, डाव्या हाताखाली मासळी. तिने आपल्या दोन्ही हातांकडे पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं. तीस वर्षं हा उजवा हात असाच वरखाली झाला होता. पापलेट, घोळ, सुरमई, सणासुदीला तर दिवसभर. डाव्याने तेवढ्या काळात काय केलं? मासळी दाबून धरली. घासण्याने जागा झिजत असती तर उजवा दंड केव्हाच काडीसारखा व्हायला हवा होता.

शुभदाताई आली तेव्हा मुक्ताबाईने भाव सांगितलाच नाही. "तुमची ती मापाची पट्टी हाय का पिशवीत? मोजा. दोनी मोजा."

शुभदाताईने मोजलं. दोन्ही दंड जवळपास सारखे. उजवा, उलट, किंचित जास्तच.

"तीस वरसं कोयता मारला या हातानं," मुक्ताबाई म्हणाली, "नि हा बघा." ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. खवल्यांनी माखलेल्या हातांनी डोळे पुसायचीही सोय नव्हती. शुभदाताईने आपल्या ओढणीने पुसले. मग मुक्ताबाईने तिला वाकीचं, घाण्याचं, थोरल्या चुलत सासूचं, सगळं सांगून टाकलं. तिला खरं भय वाटत होतं ते वाकीचं नव्हतं. पोराला जन्म दिला, मासळीच्या टोपलीवर शिकवला, आणि त्याच्याच मांडवात चारचौघींसमोर आपण बाजूला उभं राहायचं, हे तिला सोसणार नव्हतं.

तरी बाई हिमतीची. मांडवात शोभा होण्यापेक्षा आधीच सांगावं म्हणून ती स्वतः रंजिताकडे गेली. "घाना तू भर. मना ती वाकी होत नाय."

"वयनी, काय पन बोलता! कुंदन तुमचा, नि घाव मी घालू?" रंजिता म्हणाली. "तुमी असं बोलनार असाल तर मी मांडवात येतच नाय." मुक्ताबाई परत आली ती जास्तच जड मनाने, कारण जावेवर रागावण्याचीही सोय उरली नव्हती.

मांडवाचा दिवस उजाडला. अंगणात उंबराची फांदी आली, धवलारीण सूर लावून लग्नाची गाणी गाऊ लागली, बायका नऊवारी सावरत उखळाभोवती जमल्या. गोजराबाई खुर्चीत. ती विधवा, त्यामुळे मुसळाला तिचा हात लागायचा नव्हता, पण नजर सगळीकडे होती. ताटात हळदीच्या पाण्यात वाकी. रंजितानेच मुक्ताबाईच्या दंडाला खोबरेल चोळलं आणि वाकी चढवायला घेतली. मनगट, कोपर, कोपराच्या वर दोन बोटं. वाकी थांबली. रंजिताने पुन्हा जोर लावला. मुक्ताबाईचा दंड लालबुंद झाला, पण वाकी हलली नाही.

बायकांत कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालंच, "रंजिताच्या दंडात बगा ना घालून. रिवाज हाय."

मुक्ताबाईचा चेहरा पडला. तिने आपल्या हातांनी वाकी उतरवली, पदराने पुसली आणि जावेपुढे धरली. रंजिताने दोन्ही हात पाठीमागे नेले. दोघी तशाच उभ्या राहिल्या. हळदीची तयारी करत बसलेला कुंदन पाटावरून अर्धा उठला.

"हिकडं आन ती," गोजराबाई म्हणाली.

मुक्ताबाईला वाटलं, झालं. आता सासू स्वतःच्या हाताने ती धाकटीला घालणार. तिने जवळ जाऊन वाकी दिली. पण गोजराबाईने आपलाच उजवा हात पुढे केला. "घाल मना."

"आई..."

"घाल सांगते ना."

मुक्ताबाईने घातली. वाकी सरसर वर गेली, खांद्यापर्यंत. मग म्हातारीने हात खाली सोडला, तशी ती दंडावरून, कोपरावरून, मनगटावरून घसरत येऊन तिच्या मांडीवर पडली. धवलारीण गाता गाता थांबली.

"बघा," गोजराबाई मागच्या बायकांकडे बघून म्हणाली. "माज्या दंडात ती ऱ्हात नाय. मंग मी या घरची नाय?"

मघाशी रिवाज काढणारी बाई पदर सावरत मागे सरकली.

"माजी थोरली जाव अशीच उभी व्हती. तवा मी गप बसले. आता नाय बसनार." तिने वाकी उचलून मुक्ताबाईच्या हातात दिली. "ही मुसलात घाल. मुसल कदी जारं होत नाय नि कदी सुकत नाय."

रंजिताच धावली. तिने मुसळाच्या वरच्या टोकातून वाकी आत सरकवली आणि आंब्याच्या पानांच्या दोरीतच तिला गाठ मारली. मुक्ताबाईला समोरचं धड दिसत नव्हतं. तिने पदर खोचला, उजवा हात वर, डावा खाली, असं मुसळ धरलं आणि उचललं.

आणि मुसळ असं काही वर गेलं की बायका दोन पावलं मागे सरल्या. इतके दिवस लोखंडी वजन उचललेला तो हात. दंड उतरवणं त्याला जमलं नव्हतं, पण बळ मात्र पुरेपूर चढलं होतं. पहिला घाव बसला, वाकी खणकन वाजली आणि उखळातले तांदूळ मांडवभर उडाले.

"हलू मार गं!" गोजराबाई खुर्चीतून ओरडली. "उखल फोरशील!"

मुक्ताबाई रडत होती आणि हसत होती. धवलारीण पुन्हा गाऊ लागली, रंजिताने पुढे होऊन मुसळाला हात लावला, आणि मुक्ताबाईने दुसरा घाव जरा हळू घातला.